हिमरू ब्रदर्सचं कार्टून

सिडको, छत्रपती संभाजीनगर
वैशाख, मंगळवार (पाण्याचा वार, पण पाणी नाही)

प्रिय रामकिसन यास,

सप्रेम जयभीम. सत्यभामावहिनींना नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची आपल्याकडे रीत आहे म्हणून लिहितो. बाकी क्षेम म्हणावं असं इकडे फारसं काही उरलेलं नाही. नळाला पाणी यायचा आज वार होता, आलं नाही. डावा गुडघा जिन्याच्या पहिल्याच पायरीला कुरकुरतो. माझ्या कीबोर्ड क्लासला जी मुलं येतात ती त्यांच्या आयांना दुपारी डुलकी काढायची असते म्हणून येतात. तुझी प्रकृती कशी आहे हे मी मुद्दामच विचारत नाही. विचारलं की माणसाला उत्तर द्यावं लागतं, आणि गेल्या श्रावणात तुला तो अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तू कुणालाच उत्तर देत नाहीस, फोन उचलत नाहीस, आल्यागेल्याला तोंड दाखवत नाहीस, हे सगळ्या पैठणला ठाऊक झालंय. म्हणून पत्र. पत्रासमोर तोंड उघडावं लागत नाही. (वाचतावाचता शिव्या द्याव्याशा वाटल्या तर मनातल्या मनात दे. आपली इतकी जुनी ओळख, मला त्या इथवर ऐकू येतील.)

पत्र लिहिण्यास कारण असं की आपल्या दोघांची उरलीसुरली अब्रू धोक्यात आहे. आपल्यावर कार्टून निघतंय. भिंतीवरचं नव्हे, ते कॉलेजात असतानाच मुतारीच्या भिंतीवर कोळशानं निघालं होतं आणि त्यात तुझं नाक बरंच जमलं होतं. हे लहान मुलांचं, हलणारं, बोलणारं, गाणारं कार्टून आहे आणि त्याचे नायक आपण आहोत. माझ्या बहिणीची, पद्मजाची मुलगी स्वरदा तुला आठवत असेल. आपल्या शेवटच्या कार्यक्रमात स्टेजवर चढून स्पीकरच्या रिकाम्या खोक्यात झोपली होती, तीच. (तेव्हा मी सगळ्यांना सांगत होतो की पोरीला गाण्याची उपजत समज आहे. आता वाटतं, होतीच.) ती पुण्याहून ॲनिमेशन शिकून परत आली, इथं मैत्रिणींना घेऊन तिनं स्वतःचं दुकान मांडलं, आणि मागच्या माघात पद्मजाच्या माळ्यावर तिला आपली कॅसेट सापडली. 'हवा भरून मिळेल', गायक हिमरू ब्रदर्स. कव्हरवर आपण दोघं एकाच सायकलवर, मागं फोटो स्टुडिओच्या पडद्यावर रंगवलेला मकबरा, आणि मकबऱ्याच्या एका मिनारावर टेबलफॅनची सावली. "मामा, तुम्ही पॉपस्टार होतात?" असं तिनं विचारलं. त्या प्रश्नात जेवढं आश्चर्य होतं तेवढं मला अजून पचलेलं नाही.

मी तिला खरं ते सांगितलं. आपण ब्रदर्स नव्हतो. तू पाटबंधाऱ्याच्या चौकीदाराचा मुलगा आणि मी कचेरीतल्या कारकुनाचा. हिमरूही हिमरू नव्हता. खरं हिमरूचं कापड परवडत नव्हतं म्हणून शहागंजातून पडद्याचं चकचकीत कापड आणलं आणि त्याची दोन जाकिटं शिवली. कार्यक्रमात पाठीमागचा पडदाही त्याच दुकानातला निघायचा, त्यामुळे पुढच्या रांगेला आपण दिसायचो आणि मागच्या रांगेला नुसती दोन डोकी तरंगताना दिसायची. कॅसेट किती खपल्या हे तिनं विचारलं, मी विषय बदलला. पुढं तुला जायकवाडीवर नोकरी लागली, मला काहीच लागलं नाही, आणि हिमरू ब्रदर्सचा आपोआप शेवट झाला. भांडण नाही, तंटा नाही. लोक विचारतात तुमचं फाटलं कशावरून, तेव्हा मला सांगायला एक धड कारणसुद्धा नाही. (तुझं जाकीट माझ्याकडेच राहिलं होतं. ते मी दिवाळीच्या आवराआवरीत पारूबाई भांडीवालीला दिलं आणि स्टीलचा डबा घेतला. राग मानू नये. डब्याचं झाकण छान बसतं.)

स्वरदाचं म्हणणं, हे कार्टून रेट्रो करायचं. हल्ली जे जुनं आणि गरीब असतं त्याला रेट्रो म्हणतात. त्या हिशेबानं आपण जन्मतःच रेट्रो. आपल्या लहानपणी रविवारी सकाळी गल्लीतल्या एकुलत्या एका टीव्हीवर जशी कार्टुनं लागायची, तशीच हुबेहूब. आठवतं तुला? माणूस धावायला लागला की मागून एक झाड, एक विहीर, एक झाड, एक विहीर, तेच ते. बोलताना नुसते ओठ हलायचे, बाकीचा माणूस खांबासारखा उभा. ती म्हणाली, "मामा, तुमच्या जुन्या कार्यक्रमाची व्हिडिओ कॅसेट पाहिली, तुम्ही तसेच उभे राहायचात, फार सोपं जाणार आहे." मग तिनं आपली चित्रं दाखवली. तुला तिनं उंच काढलंय, मिशी पिळदार, जाकीट अंगावर शोभतंय. मला तिनं गोल काढलंय. पाय वेगळे काढायचीही तिला गरज वाटली नाही. मी निषेध नोंदवला तर म्हणाली की मुलांना एक उंच आणि एक गोल लागतो, त्याशिवाय ओळखू येत नाहीत. आणि तिसरं पात्र म्हणजे एक बोकड. अशा कार्टुनात एक बोलणारं जनावर असावंच लागतं म्हणे. त्याचं नाव सुभेदार. त्याला माझ्यापेक्षा जास्त वाक्यं आहेत आणि तो माझ्यापेक्षा शहाणा आहे, हे पहिल्याच भागात तीन निरनिराळ्या प्रसंगांतून सिद्ध होतं.

गोष्ट अशी. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधाऱ्या भुयारात चिडीचूपराव नावाचा एक दुष्ट माणूस राहतो. त्याला आवाजाचा तिटकारा. तो रोज रात्री खाली शहरात येतो आणि लोकांचे आवाज चोरून नेतो, आणि लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्यांत भरून, झाकण लावून, वर फडक्याचा दादरा बांधून ठेवतो. एक दिवस गुलमंडीवरचे फेरीवाले नुसतेच तोंड हलवत फिरताना दिसतात, शाळेची घंटा वाजत नाही, रिक्षावाल्यांची भांडणं मुकाट्यानं चालतात. (हा प्रसंग मला आवडला. वास्तवात यावा.) मग हिमरू ब्रदर्स सायकलवर डबलसीट किल्ल्याकडे निघतात, मागून झाड, विहीर, झाड, विहीर. आणि त्या बरण्यांची गंमत अशी की त्यांच्यासमोर गाण्याची एक सबंध ओळ म्हटली की झाकण उडतं आणि आवाज बाहेर येतो. अर्धी म्हटली तर हलत नाही. मी स्वरदाला विचारलं, हे सबंध ओळीचं तुला कुणी सुचवलं? ती म्हणाली, "तुमच्या कॅसेटनं." पोरगी आगाऊ आहे.

तर आवाज भरायला आम्ही टी.व्ही. सेंटरजवळ मोईनच्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओ म्हणजे वेल्डिंगच्या दुकानावरची एक खोली, भिंतीला गाद्या ठोकलेल्या. खालचं वेल्डिंग थांबलं की वर गायचं, आणि ते कधी थांबेल हे खालच्यालाही माहीत नसतं. मोईन हा तिथला आवाज टिपणारा माणूस, वय फार नाही, पण कानाला हेडफोन लावला की काझीसारखा गंभीर होतो. (बोकडाचा आवाजही त्याचाच आहे. बोकड त्याला जमतो.) मी माईकच्या पुढ्यात उभा राहिलो आणि आपलं ते गाणं सुरू केलं. 'सायकल माझी पंक्चर झाली'. आणि थांबलो. मोईन वाट बघतोय, मी वाट बघतोय. त्यानं पुन्हा खूण केली. 'सायकल माझी पंक्चर झाली'. पुन्हा थांबलो. "काका," तो म्हणाला, "आप आधी लाईन बोलके कायकू रुक जारे? दम लगरा क्या?" त्यानं पाणी मागवलं. पंखा लावला. खालून वेल्डिंगवालाही वर येऊन बघून गेला.

आता तुला यातलं काहीच नवं नाही, पण त्या दिवशी मला ते नव्यानं कळलं. कॉलेजच्या गॅदरिंगला माईक एकच होता. अर्धी ओळ मी म्हणायची आणि माईक तुझ्या हातात द्यायचा, उरलेली तू म्हणायची. हातातून हातात जाईपर्यंत ठेका पुढं गेलेला असायचा, म्हणून तू कायम अर्ध्या मात्रेनं उशिरा यायचास. लोकांना वाटलं ती आपली स्टाईल आहे. पुढं दोन माईक मिळाले तरी तू उशिराच येत राहिलास, आणि तुझी अर्धी ओळ चालू असताना मी काय करायचो? दम खायचो, घाम पुसायचो, पुढच्या रांगेत कोण आलंय ते बघायचो. इतकी वर्षं तुझ्या शेजारी उभा राहिलो आणि तुझी अर्धी ओळ माझ्या तोंडात कधी बसलीच नाही. स्वरदानं मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यासमोर धरली: 'नेमकी तुझ्याच दारापाशी'. साधे शब्द आहेत, पहिलीतलं पोर वाचेल. मला वाचता येतात. पण गायला लागलो की 'झाली'पाशी जीभ उभी राहते आणि माझा उजवा हात आपोआप बाजूला जातो, माईक द्यायला. तिथं कुणी नसतं. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच करत बसलो, आणि चिडीचूपरावाची एकही बरणी उघडली नाही.

दुसरा गायक आणून पाहिला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाणारा इंद्रजीत म्हणून एक तरुण आहे. गातो चांगला, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी 'कम ऑन' म्हणतो, आणि चिडीचूपरावाच्या भुयारात कम ऑन कुणाला म्हणायचं? त्याची पोह्यांवर बोळवण केली. मग मोईननं नवीन शक्कल काढली. आपली कॅसेट त्यानं कॉम्प्युटरला खाऊ घातली. म्हणाला, मशीन आवाज शिकतं, मग हवं ते गाऊन घ्या. रात्रभर ते यंत्र काय शिकत बसलं देव जाणे. सकाळी आम्ही गेलो. मी म्हटलं, 'सायकल माझी पंक्चर झाली'. आणि रामकिसन, तू बोललास. तोच आवाज. तोच नाकातला सूर, कॅसेटच्या वेळी तुला सर्दी झाली होती ती सर्दीसुद्धा. स्वरदानं टाळ्या वाजवल्या. पडद्यावर बरणीचं झाकण उडालं. माझ्या क्लासच्या मुलांना बोलावून दाखवलं तर त्यांनाही काही खटकलं नाही (त्यांना फक्त बोकड आवडला). खटकलं ते मला एकट्याला. तो आवाज वेळेवर आला होता. अगदी ठेक्यावर, बोट ठेवावं तिथं. तू आयुष्यात कधी वेळेवर आला नाहीस. गाण्यात नाही, एस.टी.ला नाही, स्वतःच्या लग्नात नाही. वहिनी हार घेऊन उभ्या आणि आपण दोघं बिडकीनच्या चौकात सायकलची चेन बसवत होतो. मी तो आवाज पुन्हा ऐकला, पुन्हा ऐकला, आणि मला रडू आलं. मोईनला वाटलं गादीची धूळ डोळ्यांत गेली. त्यानं गादी झाडली, आणि मग खरोखरच सगळ्यांच्या डोळ्यांत गेली.

आता विषय काय, तर हे मशीन वापरायचं का. मी स्वरदाला स्पष्ट सांगितलं की रामकिसनच्या परवानगीशिवाय त्याचा आवाज कुणी बरणीत भरायचा नाही. ती म्हणाली, मग विचारा. विचारायचं कसं? पौषात मी एकदा येऊन गेलो होतोच, तेव्हा कार्टूनबिर्टून काही नव्हतं, नुसताच आलो होतो. एस.टी.तून उतरलो, तुझ्या ओट्यावर पाय ठेवला, तर आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मधलं दार बंद झालं. मला दिसली ती तुझी पाठ. मी वाईट वाटून घेतलं नाही. (घेतलं. परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली होती, तरी बाहेर बघितलं नाही.) वहिनींनी मला ओट्यावरच ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, बोलता येतंय त्यांना. डाक्टर म्हणतेत बोला, जेवढं बोलाल तेवढं सुधरंल. पण सबुद लई उशिरा येतोय, अन् समोरचं मानूस थांबत नाय. ह्यांनी 'चा' म्हणलं की कुणीबी चहा घिऊन येतंय. ह्यांना चादर पाहिजे असती. किती चहा प्यावा मानसानं? आता तर 'चा' म्हणायचं बी सोडलंय." मी म्हटलं, वहिनी, तुम्ही तरी थांबत जा. त्यांनी डोळ्याला पदर लावला. "मी बी थांबत नाय, भावजी. मला बघवत नाय त्यांचं अडकल्यालं तोंड. माझ्याच तोंडातून निघून जातंय."

ते माझ्या डोक्यातून जात नाही. सगळ्यांचीच माया आहे तुझ्यावर, म्हणूनच सगळे घाई करतात. शेजारचा वाक्य पुरं करतो, कंपाउंडर पुरं करतो, भाजीवाली पुरं करते, आणि करतात तेही चुकीचं. सबंध पैठण तुझी वाक्यं पुरी करायला टपून बसलंय, आणि ज्यानं जन्मभर माझ्या ओळी पुऱ्या केल्या तो मधलं दार लावून आत बसलाय. मी मूळचाच दुर्मुखलेला माणूस, पद्मजा मला शंकराच्या देवळातला नंदी म्हणते. पण हे आठवलं की माझंसुद्धा तोंड आणखी उतरायला जागा शोधतं.

असो. तर मशीनच्या बाबतीत तुझी हरकत नसेल तर काहीच कळवू नये, म्हणजे ते लोक आपलं काम पुढं नेतील. हरकत असेल तरी काही कळवू नये, मी तसं त्यांना सांगेन. मला स्वतःला या कार्टूनचं सोयरसुतक नाही. मी गोल आहे, बोकड शहाणा आहे, आणि आपलं गाणं आता कोण ऐकणार आहे? लहान मुलांच्या कुठल्याशा महोत्सवात ते दाखवायचं आहे, पाऊस सुरू व्हायच्या आत पाठवायचं आहे. गेलं तर गेलं, राहिलं तर राहिलं. तू प्रकृतीला जप. औषधं वेळेवर घे (तेवढं एक तरी वेळेवर). वहिनींना सांग, ठेचा अजून जिभेवर आहे. पत्राला उत्तराची अपेक्षा नाही. हे पाकीट उद्या टपालात टाकतो. पोचेल तेव्हा पोचेल, हल्ली पोस्टाच्या पेटीला कुलूप आहे की गंज, तेच कळत नाही.

तुझा,
अभय
(हिमरू ब्रदर्सपैकी पहिला अर्धा)

ता.क. वर सोयरसुतक नाही असं लिहिलंय ते खोटं आहे. मशीन मला नको. मला तू हवा आहेस. स्वरदाला मी तुझ्या अडचणीचं सांगितलं, की त्याचा एकेक शब्द फार उशिरा येतो, तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मी काही बावळटासारखं बोललो. म्हणाली, "मामा, आमच्याकडे आधी आवाज भरतात, चित्रं नंतर काढतात. काकांचा आवाज जेवढा लांबेल तेवढी चित्रं मी काढीन. 'नेमकी' आणि 'तुझ्याच'च्या मध्ये ते जेवून आले तरी बरणी थांबेल, चिडीचूपराव थांबेल, बोकडसुद्धा थांबेल. आणि तोवर काय दाखवायचं, तर झाड आणि विहीर आहेच की." हे ऐकल्यापासून मी झोपलेलो नाही. साऱ्या जगात एक जागा अशी निघाली की जिथं सगळे तुझ्यासाठी थांबणार आहेत, आणि ती नेमकी एका लहान मुलांच्या कार्टुनात आहे.

ता.क. दुसरा. तुझं जाकीट मी पारूबाईला दिलेलं नाही. द्यायला काढलं होतं. तिनं उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्याच्या बदल्यात एक चमचा देऊ केला. एका चमच्यावर हिमरू ब्रदर्स विकायचे म्हणजे फारच झालं, म्हणून ठेवून घेतलं. डबा मी दुकानातून विकत आणला, आणि त्याचं झाकण मुळीच बसत नाही. जाकीट धुऊन इस्त्री केलंय. माझं मला आता होत नाही, स्वरदानं काढलंय तो आकार बरोबर आहे.

ता.क. तिसरा, हा पेन्सिलनं, कारण पेन घरीच राहिलं. पत्र टपालात टाकलं नाही. पोस्टाचा भरवसा नव्हता आणि माझा माझ्यावरही नव्हता. मी तुझ्या ओट्यावर बसलोय. मोईनच्या गाडीतून आलो. बिडकीनला गाडी खरोखरच पंक्चर झाली आणि मोईन माझ्याकडे बघून हसत सुटला, मी हसलो नाही. (थोडा हसलो.) तू हे वाचशील तेव्हा पाकीट वहिनींनी तुला आत आणून दिलेलं असेल, आणि त्या बाहेर येऊन माझ्याशेजारी बसलेल्या असतील. मी त्यांच्याकडून वचन घेतलंय की त्या काहीही ऐकू आलं तरी तोंडातून शब्द काढणार नाहीत. त्यांनी आत्तापासूनच पदराचा बोळा तोंडाशी धरलाय. मोईनला चहा दिलाय आणि चादरीवर बसवलंय. खालच्या गल्लीत कुणी वेल्डिंगवाला नाही.

रामकिसन, तुझ्या लोकांपैकी कुणालाही तुझं वाक्य मध्येच पुरं करता येतं. मला येत नाही. मी प्रयत्न करून बघितला, दिवसभर केला, साक्षीला मोईन आहे. सबंध मराठवाड्यात तुझी अर्धी ओळ ज्याच्या तोंडून निघूच शकत नाही असा मी एकटा माणूस आहे. बाहेर यायची गरज नाही, दार उघडायचीही नाही. तोंड वाकडं होत असेल तर होऊ दे, कोण बघतंय, आमच्याकडे चित्रात तुला पिळदार मिशी आहे. मी नेहमीसारखा दम खात बसतो. दुपार झाली तरी बसतो, संध्याकाळ झाली तरी बसतो, पाणी आपल्याकडे तसंही येत नाही, घरी जायची घाई कुणाला आहे.

मधल्या दाराखालून मोईनचा माईक आत सरकवतोय. वायर पुरतेय.

सायकल माझी पंक्चर झाली